वयाचे उंबरठे आणि विद्यार्थ्यांचा परिसर-अभ्यास

रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यात तळोजे मजकूर आणि तळोजे पाचनंद ही दोन जुनी गावे आहेत. भातशेती, खाडी आणि डोंगर यांच्या आधाराने येथील आगरी, कोकणी मुसलमान, आदिवासी आणि इतर समाजांचे जीवन पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या भूमीवर नवी मुंबईची उभारणी सुरू झाली. औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत आली, कारखाने उभे राहिले, मागाहून सिडकोच्या घरांच्या इमारती आल्या. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली, तेव्हा या गावांचा ग्रामपंचायतींचा काळ संपला. नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर ते पेंधर ही मेट्रो सुरू झाली आणि ती तळोज्याच्या वेशीपर्यंत येऊन पोहोचली.

अर्ध्या शतकातील या बदलाची सर्वांत जवळची खूण शाळेच्या वर्गात दिसते. मूळच्या आगरी घरातील मुलगा, शेजारच्या मोहल्ल्यातील मुलगी, कारखान्यातील कामासाठी मराठवाड्यातून किंवा उत्तर प्रदेशातून आलेल्या कुटुंबातील मूल आणि डोंगरपट्ट्यातील वाडीवरून येणारा कातकरी वा ठाकूर विद्यार्थी असे सर्वजण एका फळ्याकडे पाहात बसतात. प्रत्येकाच्या घरी मूल जन्मले, मोठे झाले, त्याचे लग्न झाले म्हणजे काही ना काही विधी होतो. हे विधी मुले लहानपणापासून पाहतात, त्यांत भाग घेतात, त्यासाठी शाळेला रजाही घेतात. शाळेच्या दप्तरात मात्र त्या रजेची ‘गैरहजर’ एवढीच नोंद राहते.

ज्या वयात घर मुलाला ‘आता तू मोठा झालास’ किंवा ‘आता तू मोठी झालीस’ असे सांगते, नेमक्या त्याच वयात पुष्कळ मुले, विशेषतः मुली, शाळेपासून दूर जाऊ लागतात. म्हणूनच या विधींचा अभ्यास विद्यार्थ्यांनी स्वतः करणे, हा हौसेचा उपक्रम न राहता शिक्षणाच्या मुख्य कार्याचा भाग ठरतो. असा अभ्यास कोणत्या पायावर उभा राहू शकतो आणि तो कसा चालवावा, याचा विचार येथे तळोज्याच्या परिसराच्या आधारे केला आहे.

संक्रमणाचे तीन टप्पे

माणसाचे आयुष्य एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जात असते. जन्म, नामकरण, विद्यारंभ, वयात येणे, विवाह, मृत्यू हे त्यातील प्रमुख उंबरठे होत. फ्रेंच अभ्यासक आर्नोल्ड व्हान गेनेप यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जगातील अनेक समाजांच्या अशा विधींची तुलना केली आणि त्यांत तीन टप्पे आढळतात असे दाखविले. पहिल्या टप्प्यात व्यक्तीला जुन्या अवस्थेपासून वेगळे केले जाते. दुसऱ्या टप्प्यात ती ना जुन्या अवस्थेत असते, ना नव्या. तिसऱ्या टप्प्यात तिला नव्या स्थानी समाजात पुन्हा सामावून घेतले जाते.

हे तत्त्व समजण्यासाठी परदेशी उदाहरणांची गरज नाही. आपल्या घरचे लग्न पाहावे. हळद लागली की नवरीने घराबाहेर पडू नये असा संकेत असतो. येथे पहिला टप्पा आला. हळदीपासून अक्षता पडेपर्यंत ती धड माहेरची नसते आणि धड सासरचीही नसते. म्हणूनच तिच्याभोवती करवली असते, तिला एकटे सोडीत नाहीत. पुढे सासरच्या उंबरठ्यावरील तांदळाचे माप ओलांडून ती घरात येते, तेव्हा तिसरा टप्पा पुरा होतो. आठवीच्या विद्यार्थ्यालाही हे तीन टप्पे स्वतःच्या मावशीच्या किंवा बहिणीच्या लग्नात सहज ओळखता येतील.

आपल्याकडील धर्मशास्त्रांनी या विधींना ‘संस्कार’ म्हटले आणि सोळा संस्कारांची परंपरा रूढ झाली. भारतरत्न महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या संस्कारांचा तपशीलवार परामर्श घेतला आहे. परंतु ग्रंथांतील संस्कार हे समाजाच्या एका भागाचे चित्र होय. ज्या विधींना ग्रंथ नाही, जे गीतांत, पिठाच्या चौकांत आणि वृद्ध स्त्रियांच्या स्मरणात राहिले, त्यांची संख्या फार मोठी आहे. विद्यार्थ्यांच्या अभ्यासाला खरे क्षेत्र तेथे आहे.

शाळाप्रवेश हाही संस्कारच

उपनयन या शब्दाचा अर्थ जवळ नेणे, म्हणजे मुलाला गुरूजवळ नेणे असा आहे. आज मुंजीचा थाट पाहताना तो मूळचा शाळाप्रवेशाचा विधी होता याचा विसर पडतो. आईच्या पानात बसून केलेले शेवटचे भोजन, नंतर भिक्षावळ आणि अध्ययन संपल्यावर सोडमुंज, हा सर्व क्रम घर सोडून विद्येकडे जाण्याचा आणि पुन्हा घरी परतण्याचा आहे. हारीत या प्राचीन स्मृतिकाराच्या वचनात वेदाध्ययन करणाऱ्या ब्रह्मवादिनी स्त्रियांचा उल्लेख येतो. पुढच्या काळात मात्र हा दरवाजा स्त्रियांना बंद झाला आणि बहुसंख्य समाजाला तो कधी उघडलाच नव्हता.

विद्यारंभाचे विधी इतर परंपरांतही आहेत. मुसलमान कुटुंबांत मूल चार वर्षे, चार महिने आणि चार दिवसांचे झाले म्हणजे त्याच्याकडून ‘बिस्मिल्ला’ म्हणवून घेऊन अक्षरओळख सुरू करण्याची जुनी रीत आहे. दसऱ्याला पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढून ती पुजण्याची प्रथा महाराष्ट्रातील शाळांत सर्वांच्या परिचयाची आहे. पनवेल येथे बेने इस्रायल समाजाचे १८४९ सालचे सभास्थान आहे. यहुदी परंपरेत तेराव्या वर्षी मुलगा धर्मग्रंथाचे जाहीर वाचन करतो आणि तेथून तो आपल्या कृत्यांना स्वतः जबाबदार मानला जातो. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध कुटुंबांत नामकरण व विवाह त्रिशरण आणि पंचशील यांच्या उच्चाराने होऊ लागले.

ही उदाहरणे शेजारी शेजारी ठेवली म्हणजे विद्यार्थ्यांच्या ध्यानी येते की, मुलाच्या हाती अक्षर देण्याचा क्षण निरनिराळ्या समाजांनी महत्त्वाचा मानला आहे. १८४८ साली पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा हा क्षण ज्यांना नाकारला गेला होता त्यांच्यासाठी नवा उंबरठा निर्माण झाला. शिक्षणहक्क अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आला आणि सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला तो उंबरठा ओलांडण्याचा कायदेशीर हक्क मिळाला.

धवलारणीच्या कंठातील विद्या

तळोजे आणि आसपासच्या गावांतील विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी एक विशेष साधन हाताशी आहे. आगरी समाजात लग्नविधी चालविण्याचा मान परंपरेने धवलारणीचा असतो. धवलारीण ही लग्नाची गीते, म्हणजे धवले, गाणारी स्त्री. ती केवळ गाणे म्हणत नाही. कोणता विधी केव्हा करावयाचा, कोणी करावयाचा, काय मांडावयाचे हे तिच्या गीतातून ठरत जाते. मांडवापासून हळदीपर्यंत आणि हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक टप्प्याचा धवला वेगळा. ठाणे-पालघर भागातील वारली समाजातही धवलेरी ही स्त्री लग्न लावते. जेथे पुरोहिताचे काम पुरुषाकडेच असते अशी सर्वसाधारण समजूत आहे, तेथे किनारपट्टीच्या या समाजांनी ते स्त्रीकडे सोपविले, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी अवश्य टिपावी.

धवला हा शब्दही जुना आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथातील महदंबेने जी विवाहगीते रचली, ती ‘धवळे’ या नावानेच ओळखली जातात आणि महदंबा मराठीची आद्य कवयित्री मानली जाते. मराठीच्या पाठ्यपुस्तकात जिचे नाव विद्यार्थी वाचतो, तिच्या काव्यप्रकाराचे नाव आपल्या आजीच्या ओठी जिवंत आहे, हे कळल्यावर त्याच्या मनातील आगरी बोलीविषयीचा संकोच निश्चितच कमी होईल. वर्गात ‘अशुद्ध’ म्हणून दुरुस्त केली जाणारी ही बोली येथे अभ्यासाचा मूळ आधार ठरते.

ही विद्या आता कमी होत चालली आहे. शेते गेली तशी शेतांशी जोडलेली कामे गेली. लग्ने सभागृहांत होऊ लागली. ध्वनिवर्धकाच्या आवाजात धवला ऐकू येईनासा झाला. हळदीच्या कार्यक्रमावर होणाऱ्या भरमसाट खर्चाविषयी आगरी समाजातील जाणत्या मंडळींनीच अलीकडे चिंता व्यक्त केली आहे. विधीचा खर्च वाढला आणि विधीचा अर्थ सांगणारी स्त्री मागे पडली, या दोन गोष्टींचा परस्परसंबंध आहे काय, हा प्रश्न विद्यार्थ्यांनीच आपल्या वडीलधाऱ्यांना विचारण्याजोगा आहे.

पूर्वानुभव

लोकपरंपरेच्या संकलनाचे मोठे काम महाराष्ट्रात झाले आहे. साने गुरुजींनी स्त्रियांच्या ओव्या गोळा केल्या. डॉ. सरोजिनी बाबर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीने अनेक संकलने प्रसिद्ध केली. हेमा राईरकर आणि गी पोइटव्हँ यांच्या पुढाकाराने ग्रामीण स्त्रियांच्या सहभागातून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झाला.

ही कामे प्रौढांनी केली. विद्यार्थ्यांनी स्वतः केलेल्या कामाचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. जॉर्जिया राज्यातील डोंगराळ भागातील एका माध्यमिक शाळेत १९६६ साली विद्यार्थ्यांनी ‘फॉक्सफायर’ नावाचे नियतकालिक सुरू केले. पाठ्यपुस्तकात मन न रमणाऱ्या या मुलांनी आपल्या भागातील वृद्धांच्या मुलाखती घेतल्या आणि त्या त्यांच्याच बोलीत छापल्या. १९७२ मध्ये त्यातील मजकुराचे पुस्तक निघाले व ते देशभर वाचले गेले. पुढील वर्षी निघालेल्या दुसऱ्या पुस्तकात सुईणींचे अनुभव आणि अंत्यविधींच्या चालीरीती यांचाही समावेश होता.

भारतात १९९३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेने दहा ते सतरा वर्षांच्या मुलांचे लहान गट करून स्थानिक प्रश्नांवर प्रकल्प करण्याची पद्धत रुजविली. गट मुलांचा, प्रश्न मुलांचा आणि शिक्षक मार्गदर्शक, अशी तिची रचना आहे. तीच रचना संस्कारांच्या अभ्यासास उपयोगी पडेल.

अभ्यासाची आखणी

सातवी ते नववीतील पाच-सहा विद्यार्थ्यांचा एक गट करावा. शक्यतो गटात वेगवेगळ्या वस्त्यांतील मुले-मुली असावीत. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते. त्यापूर्वी, म्हणजे दिवाळीच्या सुटीआधी, प्रश्न तयार असल्यास सुटीत व सराईत माहिती जमविता येते.

पहिले काम प्रश्न निवडण्याचे. येथे शिक्षकाने तयार प्रश्नावली देण्याचा मोह टाळावा. मुलांना सुचलेले प्रश्न अनेकदा अधिक मार्मिक असतात. नवरी रडते, मग नवरा का रडत नाही? बारशाला मुलाचे नाव आत्याच का ठेवते? धवलारीण होण्यासाठी स्त्री सवाष्णच असावी लागते काय? दादाच्या वेळी जो विधी झाला तो ताईच्या वेळी का झाला नाही? असा एक प्रश्न घेऊन गटाने महिनाभर काम केले तरी पुष्कळ झाले.

दुसरे काम ऐकण्याचे. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातील एक आणि शेजारच्या दुसऱ्या समाजातील एक अशा दोन वडीलधाऱ्या व्यक्तींशी बोलावे. त्यांची अनुमती घेऊन भ्रमणध्वनीवर आवाज मुद्रित करावा. शब्द जसे उच्चारले तसेच लिहून घ्यावेत. त्यांचे प्रमाण मराठीत रूपांतर वहीच्या दुसऱ्या बाजूस करावे. चौक, बाशिंग, माप, मखर अशा शब्दांची अर्थांसह यादी केल्यास परिसराचा छोटा कोशच तयार होईल.

तिसरे काम मांडणीचे. त्यासाठी ‘वयाची रेषा’ हे सोपे साधन आहे. मोठ्या कागदावर जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत एक रेषा ओढावी. गटाला आढळलेला प्रत्येक विधी लहान चिठ्ठीवर लिहून त्या त्या वयाशी लावावा: पाचवी-सहावीची सटवाईची पूजा, बारसे किंवा अकीका, उष्टावण, जावळ, अक्षरारंभ, मुंज, वयात येणे, साखरपुडा. मुलांसाठी रेषेच्या वर आणि मुलींसाठी खाली चिठ्ठ्या लावल्यास दोहोंतील फरक आपोआप दिसतो. मुलाला विधीनंतर कोणते नवे अधिकार मिळतात आणि मुलीवर कोणती नवी बंधने येतात, हेही चिठ्ठीवर लिहावे.

याच रेषेवर नंतर शाळेचे उंबरठे मांडावेत. सहाव्या वर्षी पहिलीचा प्रवेश येतो. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा चौथी किंवा सातवीपर्यंतच असल्याने तेथे शाळा बदलण्याची वेळ येते. पुढे दहावीची परीक्षा. शिक्षकाने हजेरीपत्रकावरून, कोणाचेही नाव न सांगता, कोणत्या इयत्तेत किती मुलगे व किती मुली शाळेबाहेर गेल्या हा आकडा द्यावा. घरचा उंबरठा आणि शाळेचा उंबरठा एकाच वयाला येतात काय, हे विद्यार्थी स्वतः पाहतील. ज्या वाड्यांवरील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर स्थलांतर करतात, त्यांच्या मुलांच्या बाबतीत तिसरी एक गोष्ट, म्हणजे कामाचा हंगाम, या रेषेवर मांडावी लागेल. गळतीचा प्रश्न अहवालातील टक्केवारीपेक्षा या एका कागदावर अधिक स्पष्ट होतो, कारण तो मुलांच्या स्वतःच्या आयुष्याचा कागद असतो.

पाळावयाची पथ्ये

हा विषय घरातील खाजगी गोष्टींना स्पर्श करणारा आहे. म्हणून काही पथ्ये कटाक्षाने पाळली पाहिजेत.

कोणत्याही विद्यार्थ्याला त्याची जात विचारून गट पाडू नयेत. ‘तुमच्यात असे करतात, आमच्यात चांगले करतात’ अशी तुलना वर्गात होऊ देऊ नये. विधीचा हेतू काय, हा प्रश्न पुढे ठेवल्यास तुलना आपोआप योग्य मार्गाला लागते. ज्या घरी अलीकडे मृत्यू झाला असेल तेथे प्रश्न विचारण्यास जाऊ नये. ज्या मुलाला आईवडील नाहीत किंवा ज्याच्या घरी दारिद्र्यामुळे कोणताही विधी झाला नाही, त्याला आपण उणे आहोत असे वाटू नये, यासाठी त्याला नोंदी ठेवणे, चित्र काढणे किंवा मांडणी करणे असे महत्त्वाचे काम द्यावे.

मुलगी वयात येण्याचा विषय स्वतंत्रपणे, शिक्षिकेच्या मार्गदर्शनाखाली हाताळावा. पूर्वी मुलीला न्हाण आले म्हणजे मखरात बसविण्याची रीत होती. ज्या गोष्टीचा एके काळी गाजावाजा होई ती आज लपविण्याची का झाली, आणि त्या दोन्ही रीतींत मुलीला स्वतःला काय वाटत असेल, यावर मुलींना मोकळेपणाने बोलता आले पाहिजे. मात्र कोणत्याही मुलीचा वैयक्तिक अनुभव प्रदर्शनात किंवा वहीत येता कामा नये.

ज्या स्त्रीने गीत सांगितले तिचे ऋण मानावे. मुद्रणाची एक प्रत तिच्या कुटुंबाला द्यावी आणि तिच्या संमतीशिवाय ते गीत अन्यत्र देऊ नये.

प्रथा बदलतात कशा

विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचा खरा कस येथे लागतो. घरातील विधी ‘पूर्वापार’ चालत आले आहेत असे मोठी माणसे सांगतात. इतिहास पाहिला म्हणजे ते बदलत आले आहेत असे दिसते.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी महात्मा फुले यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली आणि त्याच वर्षी पुरोहिताविना सत्यशोधक पद्धतीचा विवाह घडवून आणला. वधू आणि वर यांनी एकमेकांशी समतेने वागण्याची प्रतिज्ञा करावी, हे या पद्धतीचे सूत्र होते. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. मोठेपणी त्यांनी सासरी नांदण्यास नकार दिला, तेव्हा १८८४ साली पतीने दावा लावला. १८८७ मध्ये न्यायालयाने नांदावयास जा अथवा कारावास भोगा असा निकाल दिला, तेव्हा त्यांनी कारावास पत्करण्याची तयारी दर्शविली. त्या खटल्याने देशभर विचारमंथन झाले. पुढे त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या.

१८९१ च्या कायद्याने मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा करण्यात आले. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरविले. १९७८ च्या दुरुस्तीने ते मुलीसाठी अठरा आणि मुलासाठी एकवीस झाले. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध अधिनियमाने अंमलबजावणीसाठी प्रतिबंध अधिकारी नेमण्याची तरतूद केली. महाराष्ट्रात ग्रामीण भागापुरती ही जबाबदारी ग्रामसेवकाकडे देण्यात आली. हा इतिहास वयाच्या रेषेवर मांडला, तर विवाहाची चिठ्ठी कायद्यामागून कायद्याने पुढे सरकत गेलेली विद्यार्थ्यांना दिसेल.

तथापि काम पुरे झालेले नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झालेला होता. म्हणजे पाच जणींत एकीहून अधिक. विवाहाचे मंगल गीत शिकणाऱ्या वर्गाने हा आकडाही शिकला पाहिजे. वर्गातील एखाद्या मुलीचे लग्न ठरत असल्याचे मुलांना समजल्यास त्यांनी ते कोणाला सांगावे, हेही याच अभ्यासात यावे. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर असावा.

बदल गावाच्या निर्णयानेही होतो. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे हे विधी यापुढे गावात होऊ नयेत, असे गावाने ठरविले. त्याच महिन्यात राज्य शासनाच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी या गावाचा आदर्श घ्यावा असे आवाहन केले. जो विधी एका स्त्रीला समाजात सामावून घेण्याऐवजी समाजाबाहेर ठेवतो, तो तपासून सोडून देता येतो, याचे हे उदाहरण आहे. आणि जो विधी धवलारणीसारख्या स्त्रीला मान देतो तो समजून जपता येतो. जपावे काय आणि सोडावे काय, हे ठरविण्याची दृष्टी विद्यार्थ्याला येणे, हेच या अभ्यासाचे फलित होय.

शासनाच्या नोंदी आणि गावाचे सहकार्य

जीवनाच्या प्रत्येक उंबरठ्यावर शासनाचीही एक नोंद असते. १९६९ च्या अधिनियमानुसार जन्माची नोंद २१ दिवसांत करावयाची असते. पुढे शाळाप्रवेशाची नोंद, अठराव्या वर्षी मतदार म्हणून नोंद आणि नंतर विवाहाची नोंद. घटनेच्या ६१ व्या दुरुस्तीने १९८९ मध्ये मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आले आणि २०११ पासून २५ जानेवारी हा राष्ट्रीय मतदार दिवस म्हणून पाळला जातो. घरात विधी झाला आणि नोंद राहिली, तर पुढे प्रवेशाच्या व दाखल्याच्या वेळी मुलांनाच अडचण सोसावी लागते. विद्यार्थ्यांच्या वयाच्या रेषेवर या नोंदीही याव्यात. ज्या कुटुंबात बाळाची जन्मनोंद राहिली आहे असे विद्यार्थ्यास आढळेल, त्या कुटुंबाला ती कोठे करावी हे सांगणे, हा नागरिकशास्त्राचा प्रत्यक्ष पाठ होय.

या कामी शिक्षकांना पंचायत सदस्यांचे साह्य मिळाले तर अभ्यास शाळेच्या भिंतीबाहेर जाईल. गावातील जाणत्या स्त्री-पुरुषांची ओळख सदस्यांना असते; विद्यार्थ्यांना त्यांच्यापर्यंत नेणे त्यांना सहज शक्य आहे. वर्षअखेरीस विद्यार्थ्यांनी तयार केलेली वयाची रेषा ग्रामसभेत अथवा प्रभागातील सभेत मांडण्यास वेळ द्यावा. शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी अशा गटांच्या वह्या तपासताना अक्षराची वळणे पाहण्याबरोबरच त्यातील प्रश्न वाचावेत.

विद्यार्थ्यांनी शोधलेल्या गोष्टींचा उपयोग शाळेने स्वतःच्या उंबरठ्यांवरही करावा. पहिलीत येणाऱ्या बालकाचे स्वागत वरच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने त्याचा हात धरून करावे; सातवी संपवून दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलीला तिच्या नव्या शाळेपर्यंत पोहोचविण्यास तिच्या शिक्षिकेने आणि मैत्रिणींनी एक दिवस जावे. स्थलांतराहून परतणाऱ्या मुलाच्या परतीचाही छोटासा समारंभ व्हावा. व्हान गेनेप यांनी सांगितलेला तिसरा टप्पा, म्हणजे सामावून घेणे, हा शाळांत बहुधा राहून जातो. दाखला हाती देऊन शाळा मोकळी होते आणि मधल्या वाटेवर मूल हरवते.

सटवाईच्या पूजेला बाळाच्या उशाशी कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याची रीत महाराष्ट्रात अनेक घरी आहे. त्या रात्री सटवाई बाळाचे भाग्य लिहून जाते, अशी समजूत. तळोज्याच्या गावठाणात आणि नव्या इमारतींत जन्मणाऱ्या प्रत्येक मुलामुलीच्या हाती काही वर्षांनी तोच कोरा कागद आणि तीच लेखणी शाळेतून पडते. त्यावर आपल्या आजीची गीते, आपल्या परिसराच्या रीती आणि आपले स्वतःचे प्रश्न लिहिण्याची संधी त्यांना मिळाली, तर आपल्या भाग्याचा पुढचा मजकूर त्यांना स्वतःच्या हाताने लिहिता येईल.